मोटारीचे हँडल आणि मालकाचे ज्ञान

मोटार चालू करण्याला आपल्याकडे ‘सेल्फ मारणे’ असे म्हणतात. ‘सेल्फ’ हा शब्द इंग्रजीतून आला हे उघड आहे. पण त्याला जोडलेले ‘मारणे’ त्याच्याही आधीचे असावे, असे आम्हांला वाटते. सेल्फ येण्यापूर्वी गाडीला हँडल मारावे लागे. गाडीच्या पुढच्या पट्टीखाली एक भोक असे. त्यातून एक वाकडी लोखंडी कांब आत सारायची, ती इंजिनाच्या दांड्याला अडकवायची आणि हाताने जोर लावून फिरवायची. कांब गेली, क्रियापद मागे राहिले. आता पुष्कळ गाड्यांतून किल्लीही गेली आहे. बटण दाबले की काम झाले.

हँडलापासून बटणापर्यंतचा हा प्रवास आज आम्ही विषयासाठी घेतला आहे. यंत्र कसकसे सुधारत गेले हे त्यात येईलच. परंतु आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. गाडी चालू करण्याचे आणि तिचे इंजिन सुरात ठेवण्याचे ज्ञान प्रथम कोणाजवळ होते, ते पुढे कोणाकडे गेले, आणि त्या देवघेवीत मालकाच्या पदरात काय पडले, हा तो प्रश्न होय.

प्रारंभी इंजिनाचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. १८७६ साली निकोलाउस ओटो ह्या जर्मन कारागिराने जे चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, त्याच जातीची इंजिने आजही पेट्रोलच्या गाड्यांत आहेत. नळकांड्यातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली जाताना हवा व इंधन यांचे मिश्रण आत ओढतो. वर येताना ते दाबतो. मग ठिणगी पडून मिश्रण पेटते व दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळका वायू बाहेर टाकतो. चारांपैकी एकाच टप्प्यात शक्ती मिळते. बाकीचे तीन त्या मिळालेल्या शक्तीवर भागतात. म्हणजे पहिली शक्ती मिळण्याआधीचे ओढणे आणि दाबणे कोणीतरी बाहेरून करून द्यावे लागते. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही; बाष्पकात दाब असला म्हणजे झडप उघडताच ते चालू लागते. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र दर वेळी हात द्यावा लागतो. ठीक प्रमाणातले मिश्रण, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी ह्या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ते चालते, एक चुकली तर रुसते. इंजिनाविषयी जेवढे सल्ले आजवर लिहिले गेले, ते सारे ह्या तिहींच्या पोटात येतात.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तिला पाठीमागे एक मोठे आडवे चाक होते. ते हाताने फिरवून गाडी चालू होई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटरांवरच्या आपल्या माहेरी, ही गाडी घेऊन गेल्या. वाटेत इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचा, कपड्यांवरील डाग काढण्याचा द्रव विकत घेतला. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचे आवरण गेले तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडे मारून घेतले. असा हा वृत्तान्त परंपरेने सांगितला जातो. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास ज्या बाईंनी केला, त्याच रस्त्यावरच्या पहिल्या मिस्त्रीही ठरल्या, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. त्या काळी चालवणारा आणि दुरुस्त करणारा ही दोन माणसे असू शकत नव्हती. गॅरेज नव्हते, पंप नव्हता. होते ते डोके आणि हाताशी असेल ते साहित्य.

पुढची दहा-पंधरा वर्षे ठिणगीच्या शोधात गेली. गोटलीब डाइम्लर यांच्या इंजिनात ठिणगी नव्हतीच. नळकांड्यात शिरलेली एक बारीक नळी बाहेरून दिव्याने लालबुंद तापवीत आणि तिच्या उष्णतेने मिश्रण पेटे. सकाळी गाडी काढायची तर आधी दिवा पेटवून नळी तापेपर्यंत थांबावे लागे. आपण ज्याला शोफर म्हणतो त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘तापवणारा’, म्हणजे भट्टीवाला. वाफेच्या काळातला तो शब्द मोटारीलाही शोभला, यात नवल नाही. १९०२ साली रोबेर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ट यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्याबरोबर चालणारा प्लग तयार केला. मिश्रणाची बाजू त्याआधीच सावरली होती. विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ साली फवाऱ्याचा कार्ब्युरेटर केला होता. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनाचे सर्व अवयव जागच्या जागी बसले. त्यांना एकमेकांशी जुळवून घेण्याचे काम मात्र मालकाकडेच राहिले.

हे काम किती नाजूक होते ते फोर्डच्या ‘टी’ गाडीवरून कळते. ही गाडी १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक तयार झाल्या. तिच्या सुकाणूच्या चाकाखाली दोन दांडे असत. उजवा पेट्रोलचा, डावा ठिणगीचा. ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे चालवणारा त्या डाव्या दांड्याने ठरवी. असे का करावे लागे? मिश्रण पेटले तरी ते पुरते जळायला काही वेळ लागतो. तो अदमासे एका सेकंदाचा पाचशेवा भाग धरू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात दांडा एका फेऱ्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ३६ अंश, फिरून जातो. फेरे ६०० असतील तर ७ अंशच फिरतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पाडावी लागते, कमी झाला की मागे घ्यावी लागते. हँडल मारताना तर वेग जवळजवळ नसतोच. अशा वेळी ठिणगी आधी पडली, तर वर येणारा दट्ट्या उलटा ढकलला जातो आणि हातातले हँडल त्याच्याबरोबर उलट फिरते.

म्हणून ‘टी’ गाडी चालू करण्याचा एक विधीच ठरलेला असे. डावा दांडा वर करून ठिणगी मागे घ्यायची. उजवा थोडा खाली ओढून पेट्रोल द्यायचे. समोर जाऊन रेडिएटरखालचा तारेचा फास ओढून चोक द्यायचा, आणि इंजिनाला एक-दोन वेढे देऊन मिश्रण आत घ्यायचे. मग परत येऊन विजेची किल्ली फिरवायची, आणि पुन्हा समोर जाऊन डाव्या हाताने हँडल खालून वर झटक्याने ओढायचे. वरून खाली दाबायचे नाही, आणि अंगठा मुठीसारखा वळवायचा नाही. तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल उलटलेच तर हात सुटावा, मोडू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. थंडीत तेल घट्ट झाले तर मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवीत. कंपनीने मालकासाठी जे पुस्तक काढले ते प्रश्नोत्तरांच्या रूपात होते. त्यात झडपा घासण्यापासून प्लग साफ करण्यापर्यंतची माहिती साध्या भाषेत दिलेली असे. गाडी विकत घेणारा शेतकरी हे करणार, आणि त्याला ते करता आले पाहिजे, असे कंपनीने गृहीत धरले होते. हे गृहीत आम्हांला मोलाचे वाटते. पुढे त्याचेच काय झाले ते पाहायचे आहे.

परंतु त्या काळाचे गोडवे गाण्यापूर्वी त्याची किंमतही सांगितली पाहिजे. हँडल उलटून मनगटाजवळचे हाड मोडण्याचे प्रकार इतके होत, की वैद्यकात त्या अस्थिभंगाला ‘शोफरचा अस्थिभंग’ हे नाव पडले. १९०८ साली अमेरिकेतील मोटार-कारखानदार बायरन कार्टर हे अशाच एका अपघातानंतर निमोनियाने मृत्यू पावले. त्यांचे स्नेही, कॅडिलॅकचे हेन्री लेलँड, त्याने व्यथित झाले आणि त्यांनी हँडलाला पर्याय शोधावयास लावले, अशी कथा सांगितली जाते. तपशिलांत मतभेद असले तरी फळ काय आले ते निश्चित आहे. चार्ल्स केटरिंग ह्या इंजिनिअराने विजेचा सेल्फ केला आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांवर तो बसला. केटरिंग यांनी पूर्वी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याच्या मोटरला क्षणभरच काम असते. म्हणून लहान मोटरवर क्षणभर फार मोठा भार टाकला तरी चालतो. हीच युक्ती इंजिनाला लागू पडली.

सेल्फने मनगटे वाचवली आणि ज्यांच्या अंगात हँडल मारण्याचा जोर नव्हता त्यांना रस्ता मोकळा केला. त्यात स्त्रिया होत्या, वृद्ध होते. तोपर्यंत अमेरिकेच्या शहरांत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या खपत, याचे एक कारण त्यांना हँडल नव्हते हे होय. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा ह्या १९१४ सालची विजेची गाडी वापरीत. पेट्रोलच्या गाडीला सेल्फ मिळाला तेव्हा विजेच्या गाडीचे हे वैशिष्ट्य संपले. स्वस्त पेट्रोल आणि लांब पल्ला यांची त्यात भर पडून त्या मागे पडल्या.

सेल्फनंतर ठिणगीचा दांडाही गेला. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर ही केटरिंग यांचीच मांडणी सर्वत्र पसरली. डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन लहान वजने स्प्रिंगांवर बसवलेली असत. वेग वाढला की ती बाहेर फाकत आणि ठिणगी आपोआप पुढे सरके. चालवणाऱ्याच्या डाव्या हाताचे ज्ञान त्या दोन वजनांत जाऊन बसले. पण ते बंद पेटीत गेले नव्हते. डिस्ट्रिब्युटरची टोपी दोन क्लिपा काढल्या की हातात येई.

ह्यानंतरची पन्नासएक वर्षे हौशी माणसाचा खरा काळ म्हणता येतील. गाडी चालवायला मिस्त्री व्हावे लागत नव्हते, आणि व्हायचे असेल तर दार उघडे होते. एक फिलर गेज, प्लगचा पाना, पॉलिश पेपर आणि रविवारची सकाळ, एवढे भांडवल पुरे. पॉइंटमधील अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर, ते कमी झाले की पॉइंट जळतात, जास्त झाले की ठिणगी अशक्त होते. प्लग काढून त्याचा रंग पाहायचा : फिकट तपकिरी असला तर मिश्रण ठीक, काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असला तर पेट्रोल कमी, आणि तेलकट असला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. पण इंजिन तापू लागताच तो परत सारायचा, नाहीतर प्लग काळे पडतात. वारंवार सेल्फ मारून पेट्रोलचा पूर झाला, तर चोक पुरा बंद करून, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून, हवा आत घेत सेल्फ मारायचा. ह्या गोष्टी कोणा विद्यापीठात शिकवल्या जात नव्हत्या. बापाकडून मुलाकडे, मिस्त्रीकडून हाताखालच्या पोराकडे त्या जात.

ह्या हौसेतून उद्योगही निघाले. कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिने घरच्या घरी सुधारून कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर पळवीत. १९३७ साली त्यांनी आपली संघटना बांधली, आणि १९४८ साली त्यांच्या छंदाला वाहिलेले ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. त्याच साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन ह्या विद्यार्थ्याने जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन शर्यतीची गाडी बांधली. पुढे जगभर गाजलेल्या लोटस गाड्यांचा तो आरंभ होता.

आपल्याकडे हौसेपेक्षा गरजेने हे ज्ञान रुजले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. तेथून निघालेली फिअट, आणि तिचेच पुढचे नाव असलेली पद्मिनी, मुंबईची टॅक्सी झाली. परवाने, प्रतीक्षायादी आणि आयातीवरील बंधने यांमुळे एक गाडी पुष्कळ वर्षे टिकवावी लागे. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचे. त्यातला प्रत्येक भाग रस्त्याकडेच्या गॅरेजात उघडता व जोडता येई. जिची नवी प्रत मिळत नाही ती वस्तू जपण्याची विद्या आपण अशी शिकलो. पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या अखेरीस थांबले, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

येथे एक कटू प्रकरण मध्ये घातले पाहिजे. इंजिनातला दाब वाढवला तर शक्ती वाढते; पण मिश्रण अकाली पेटून ठोके ऐकू येतात. अनुभवी चालक हा ठोका कानाने ओळखी आणि ठिणगी मागे घेई. केटरिंग यांच्याच प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना १९२१ साली असे आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले म्हणजे ठोका थांबतो. अल्कोहोलनेही ठोका कमी होतो हे तेथे ठाऊक होते. तरी बाजारात शिसे आले. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथे ते तयार करणारे पाच कामगार विषबाधेने मेले. तरीही शिशाचे पेट्रोल जगभर जळत राहिले आणि लहान मुलांच्या रक्तात शिसे साठत गेले. भारतात ते २००० साली बंद झाले. जगात शेवटी, २०२१ साली, अल्जीरियात. मालकाच्या कानाचे काम पेट्रोलात घातले गेले, आणि त्यात काय घातले हे मालकाला पुरते सांगितले गेले नाही. ज्ञान हातातून जाते तेव्हा त्याबरोबर विचारण्याची सवयही जाते, हा धोका येथे स्पष्ट दिसतो.

पुढचा बदल ह्याच धुराने घडवला. १९७० च्या अमेरिकन कायद्याने धुरावर कडक मर्यादा घातल्या आणि १९७५ पासून तेथील गाड्यांना धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक पेटी बसू लागली. ती नीट चालण्यास वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण अगदी काटेकोर राखावे लागते. कार्ब्युरेटरला ते साधत नाही. तेथे प्राणवायू मोजणारा संवेदक आणि क्षणोक्षणी हिशेब करणारा संगणकच हवा. १९७९ साली बॉशने ठिणगी व पेट्रोल दोन्ही एकाच संगणकाच्या हाती दिले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि मोटारसायकलींवरूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आता थंडीत गाडी एका दमात चालू होते. पॉइंट नाहीत, चोक नाही. ठोकाही यंत्रच ऐकते आणि यंत्रच ठिणगी मागे घेते.

हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला स्वच्छ हवा हवी आहे त्याने कार्ब्युरेटरसाठी अश्रू ढाळू नयेत. मनगटे मोडत नाहीत, शिसे जळत नाही, मुलांच्या फुफ्फुसांत कमी विष जाते. मात्र एक गोष्ट नजरेआड होते. डिस्ट्रिब्युटरची टोपी कोणालाही उघडता येई. संगणकातला दोष वाचायला उपकरण लागते, आणि त्या उपकरणाची व माहितीची चावी कारखानदाराकडे असते. पूर्वी ज्ञान यंत्रात गेले तरी ते दिसत होते. आता ते यंत्रात आहे आणि कुलपात आहे.

हे कुलूप यंत्रशास्त्रामुळे लागलेले नाही. ते व्यापाराने लावलेले आहे, म्हणून ते काढताही येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोठ्या बहुमताने असा कौल दिला, की दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना व मालकांना मिळालीच पाहिजे. भारताच्या स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार-कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दोषनिदानाची उपकरणे आणि माहितीपुस्तके बाहेरच्या मिस्त्र्यांना न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असा त्याचा निर्णय होता. त्यावर अपिले झाली. पण तत्त्व मांडले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या नावाने माहितीचे एक संकेतस्थळही उघडले.

आता विजेच्या गाड्या परत आल्या आहेत. ज्या मोटरने १९१२ साली पेट्रोलच्या इंजिनाला हात दिला, तीच आता मोठी होऊन त्याची जागा घेत आहे. त्या गाडीत ओढणे, दाबणे, ठिणगी यांपैकी काहीच नाही. तिला चालू करणे असा प्रकारच नाही. पण तिची बॅटरी खालावली तर ती किती खालावली हे कोण सांगणार? तिचा एखादा कप्पा बदलता येईल का, की सारी बॅटरीच टाकावी लागेल? हे प्रश्न पॉइंट आणि प्लग यांच्या प्रश्नांहून निराळ्या जातीचे नाहीत. टॅक्सीवर पोट असलेल्या माणसाला आणि वस्तीतल्या लहान गॅरेजवाल्याला त्यांचे उत्तर मिळते की नाही, यावर त्यांचे संसार अवलंबून आहेत.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. हँडल परत आणा असे आम्ही सांगत नाही. प्रत्येकाने मिस्त्री व्हावे असेही नाही. परंतु गाडीबरोबर, विकत घेणाऱ्याला समजेल असे पुस्तक देणे हे एके काळी कारखानदाराला आपले कर्तव्य वाटत होते. ते पुस्तक पुन्हा मागण्याचा अधिकार मालकाला आहे, आणि औद्योगिक शाळांतून शिकणाऱ्या आपल्या मुलांना ते मराठीतून मिळाले पाहिजे. गाडीची किल्ली हाती देणाऱ्याला एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर ह्या इतिहासाचा उपयोग झाला असे आम्ही समजू.